टॉमस मर्टन : स्वतःविरुद्ध साक्ष देणारा संन्यासी

कबीराच्या देहाचे दहन करायचे की दफन, यावरून त्याच्या शिष्यांत भांडण जुंपले आणि चादर दूर करून पाहतात तो खाली नुसती फुले, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आख्यायिकेत फुलांची वाटणी होते आणि भांडण मिटते. पण मागे फुलांऐवजी पन्नासाहून अधिक पुस्तके, हजारो पत्रे आणि छापील सात खंड भरतील एवढ्या रोजनिश्या उरल्या तर? अमेरिकेतील कॅथलिक संन्यासी टॉमस मर्टन याच्या बाबतीत नेमके हेच घडले. तो १० डिसेंबर १९६८ रोजी वारला. त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी 'मर्टन खरा कोणाचा?' हा वाद काही मिटलेला नाही. परंपरानिष्ठ कॅथलिकांना तरुणपणीचा मर्टन हवा आहे आणि उत्तरायुष्यातला नको आहे. युद्धविरोधी चळवळीतल्या लोकांचे याच्या उलट. बौद्ध धर्माच्या पाश्चात्त्य अभ्यासकांना तो जवळजवळ आपलाच वाटतो. आणि त्याचा मृत्यू हा अपघात नसून खून होता, असे मानणाराही एक गट आहे.

हा वाद एवढा का चिघळला, याचे माझ्या मते एक साधे कारण आहे. मर्टनविरुद्धचा बहुतेक पुरावा खुद्द मर्टनने लिहून, जपून, आपल्या मरणानंतर लोकांच्या हाती पडेल अशी व्यवस्था करून ठेवला. संतचरित्रे सहसा शिष्य लिहितात आणि नको ते गाळतात. इथे गाळणाऱ्यांच्या हाती फारसे काही उरलेच नाही!

प्रथम थोडी ओळख. मर्टनचा जन्म ३१ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण फ्रान्समधील प्राद या गावी झाला. वडील ओवेन मर्टन हे न्यूझीलंडचे चित्रकार, आई रूथ अमेरिकन. तो सहा वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. आपण आता वाचत नाही हे तिने मुलाला रुग्णालयातून पत्र लिहून कळवले होते. पुढे जानेवारी १९३१ मध्ये वडीलही मेंदूतील गाठीने वारले. पोरका, हुशार आणि बेफाम असा हा तरुण १९३३ मध्ये केंब्रिजला गेला, आणि तिथले एक वर्ष त्याने मद्यपानात व चैनीत उधळले. त्या काळात एका अविवाहित मुलीला त्याच्यापासून मूल झाले आणि त्याच्या पालकाने ते प्रकरण परस्पर मिटवले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. केंब्रिज सुटले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मात्र त्याला मार्क व्हॅन डोरेन यांच्यासारखे शिक्षक लाभले आणि त्याची गाडी रुळावर आली. विल्यम ब्लेक या कवीवर प्रबंध लिहून तो इंग्रजीचा एम. ए. झाला.

या काळातील एक प्रसंग आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १९३८ मध्ये त्याची गाठ महानामव्रत ब्रह्मचारी या बंगाली वैष्णव संन्याशाशी पडली. पौर्वात्य गूढवादाचे आकर्षण वाटणाऱ्या या तरुणाला ब्रह्मचारींनी गीता किंवा उपनिषदे वाचायला सांगितली असती, तर त्यात नवल नव्हते. त्यांनी सांगितले ते वेगळेच : संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन वाच आणि 'द इमिटेशन ऑफ ख्राईस्ट' वाच. ख्रिस्ती कुळात जन्मलेल्या तरुणाला एका हिंदू संन्याशाने असे त्याच्याच घरी परत पाठवले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला मर्टनने कॅथलिक पंथाचा बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी, १० डिसेंबर १९४१ रोजी, त्याने केंटकी राज्यातील गेथसेमनी मठाचा दरवाजा ठोठावला. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडून तेव्हा तीन दिवस झाले होते.

गेथसेमनी हा ट्रॅपिस्ट पंथाचा मठ. मध्यरात्रीनंतर दोन वाजता उठायचे, मांस खायचे नाही, गवताच्या गादीवर निजायचे, शेतात राबायचे आणि अगत्याचे असेल तेव्हाच बोलायचे. एरवी हातांच्या खुणा. अशा ठिकाणी लेखक होण्याची शक्यता कितीशी? मर्टननेही लेखणी खाली ठेवायचे मनाशी ठरवले होते. पण मठाधिपती फ्रेडरिक डन हे ग्रंथप्रेमी निघाले. त्यांनी त्याला आत्मचरित्र लिहायला लावले. पंथाच्या नियमानुसार हस्तलिखित परीक्षकांकडे गेले. त्यांपैकी एकाने, लेखकाची भाषा अजून आत्मचरित्र लिहिण्याजोगी झालेली नाही, त्याने पत्रव्यवहाराद्वारे इंग्रजी व्याकरणाचा अभ्यासक्रम पुरा करावा, असा शेरा मारला. कोलंबियाच्या एम. ए.ला हा सल्ला! (परीक्षक सर्वत्र सारखेच, असे आमच्यातील काहींना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही.)

'द सेव्हन स्टोरी माऊंटन' हे ते पुस्तक १९४८ मध्ये निघाले आणि मूळ बांधीव आवृत्तीच्याच सहा लाखांवर प्रती खपल्या. नावातील सात मजल्यांचा पर्वत म्हणजे दान्तेच्या महाकाव्यातील शुद्धिलोकाचा पर्वत. महायुद्धातून आणि अणुबॉम्बमधून बाहेर पडलेल्या पिढीला, जगाकडे पाठ फिरवून शांती मिळवलेला हा तरुण आपला वाटला. गेथसेमनीत इच्छुकांची रीघ लागली आणि मठातील साधकांची संख्या दोनशेच्या वर गेली. मौनाचे व्रत घेतलेला माणूस रातोरात अमेरिकेतील सर्वांत बोलका संन्यासी ठरला.

मर्टनच्या वारशाचा पहिला पेच इथेच पडतो. पुस्तक सुंदर आहे, पण ते नवख्या धर्मांतरिताचे पुस्तक आहे. इतर ख्रिस्ती पंथांविषयी त्यातला सूर फटकळ आहे, पौर्वात्य साधनेविषयी तो वरचढपणाचा आहे, आणि मठाबाहेरचे जग म्हणजे जणू निव्वळ चिखल. शिवाय केंब्रिजचे प्रकरण परीक्षकांच्या कात्रीमुळे त्यात उरले नाही. पापाची कबुली आहे. पाप कोणते, ते नाही. लाखो वाचकांच्या मनात जी मूर्ती बसली ती या पुस्तकामुळे. आणि ते लिहिणारा माणूस केव्हाच मेला, असे मर्टन पुढे तीनच वर्षांत आपल्या रोजनिशीत लिहून मोकळा झाला. वाचक मात्र त्या मूर्तीला धरून बसले, काही अजून बसलेले आहेत.

१९४८ च्याच सुमारास डन यांच्या जागी जेम्स फॉक्स मठाधिपती झाले. ते हार्वर्डमधून व्यवसाय-व्यवस्थापन शिकून आलेले. त्यांनी मठाची आर्थिक घडी बसवली. मठातले चीज आणि केक टपालाने देशभर जाऊ लागले. मर्टनला या चीजचा मनस्वी वीट होता, त्यावर त्याने उपहासाची एक कविताही केली. मठाला त्याच्या पुस्तकांचे उत्पन्नही मिळतच होते, हे मात्र त्या उपहासात येत नाही. दोघांचे वीस वर्षे खटके उडत राहिले. मर्टनला अधिक एकांत हवा होता आणि प्रवासाची मुभाही हवी होती. फॉक्स बहुधा नकार देत. मर्टनभक्तांच्या लिखाणात म्हणून फॉक्स खलनायक होऊन बसले आहेत. पण याच फॉक्स यांनी अनेक वर्षे आपला पापनिवेदनाचा गुरू म्हणून मर्टनचीच निवड केली होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही. ज्याला प्रवासाची परवानगी नाकारायची त्याच्याचपुढे गुडघे टेकून आपली पापे सांगायची! हे नाते खलनायक आणि नायक अशा ठोकळ्यांत बसत नाही. मर्टनची एकांताची ओढही सगळ्यांना निर्भेळ वाटली नाही. १९५६ मध्ये झिलबूर्ग या मनोविश्लेषकाने त्याला तोंडावर सुनावले, की तुला एकांताची कुटी हवी आहे खरी, पण ती न्यूयॉर्कच्या भर चौकात आणि वर पाटी लावलेली. हे बोलणे मर्टनला फार लागले. तरीही त्याने ते रोजनिशीत टिपून ठेवले.

१८ मार्च १९५८ रोजी तो मठाच्या कामासाठी लुईव्हिल शहरात गेला होता. फोर्थ आणि वॉलनट या रस्त्यांच्या चौकात, खरेदीच्या गर्दीत उभा असताना त्याला एकाएकी वाटले, की ही सगळी अनोळखी माणसे आपली आहेत. आपण त्यांच्यापासून वेगळे, पवित्र कोणी आहोत हा भ्रम होता. त्या चौकात आज या प्रसंगाचा फलक आहे. वॉलनट रस्त्याला १९७८ मध्ये लुईव्हिलच्याच मुहम्मद अली या मुष्टियोद्ध्याचे नाव देण्यात आले. मर्टनला हे आवडले असते असे वाटते.

यानंतरचा मर्टन जगाकडे वळला. अण्वस्त्रे, वर्णद्वेष, व्हिएतनामचे युद्ध यांवर तो लिहू लागला. अमेरिकेतील बहुतेक कॅथलिक धर्माधिकारी तेव्हा या प्रश्नांवर गप्प होते. एप्रिल १९६२ मध्ये पंथाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांकडून हुकूम आला : युद्ध आणि शांतता या विषयांवर यापुढे काही छापायचे नाही. या विषयावरचे त्याचे पुस्तक तयार होते, ते राहिले. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या माणसाने इथे काय करावे? मर्टनने छापणे थांबवले, पण लिखाणाच्या सायक्लोस्टाइल प्रती मित्रांत फिरू दिल्या. याला आज्ञापालन म्हणायचे की पळवाट? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पुढच्याच वर्षी पोप तेविसावे जॉन यांनी शांततेवरचे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले, तेव्हा पोपना आमच्या पंथाच्या परीक्षकांतून पार पडावे लागले नाही हे नशीब, अशा अर्थाचे मर्टनने लिहिले. अडवलेले ते पुस्तक अखेर २००४ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, प्रकाशित झाले.

या विचारांच्या मुळाशी गांधीजी होते. इंग्लंडमध्ये शाळेत असताना, गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले त्या सुमारास, फुटबॉल संघाच्या कप्तानाशी आपण त्यांच्या बाजूने वाद घातल्याची आठवण त्याने नोंदवलेली आहे. १९६५ मध्ये त्याने गांधीजींच्या अहिंसेवरील वचनांचे एक छोटे संकलन दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. गांधीजींनी पश्चिमेकडून आपला धर्म नव्याने पाहायला शिकून घेतले, पश्चिमेने मात्र पूर्वेकडून काही घेतले नाही, असा त्या प्रस्तावनेचा रोख आहे. महानामव्रतांनी जे केले त्याचीच ही परतफेड म्हणता येईल.

मात्र चळवळीतल्या लोकांनाही तो पुरता सापडला नाही. नोव्हेंबर १९६५ मध्ये रॉजर लापोर्ट या तरुण कॅथलिक कार्यकर्त्याने युद्धाच्या निषेधार्थ संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीपुढे स्वतःला जाळून घेतले. हादरलेल्या मर्टनने तार करून कॅथलिक शांतता मंडळातून आपले नाव काढून घेतले. काही दिवसांनी पुन्हा दिले. आज जे त्याला चळवळीचा बिनचूक मार्गदर्शक म्हणून मिरवतात, ते ही तार सहसा वाचकांपुढे ठेवत नाहीत.

आता सर्वांत अवघड भाग. ऑगस्ट १९६५ मध्ये फॉक्स यांनी अखेर त्याला मठाच्या रानातील एका लहानशा घरात एकांतवासाची परवानगी दिली. ज्यासाठी वीस वर्षे तळमळ केली ते मिळाले. आणि पुढच्याच वसंतात, पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात असताना, एक्कावन्न वर्षांचा हा संन्यासी एका तरुण विद्यार्थी-परिचारिकेच्या प्रेमात पडला. चोरून दूरध्वनी, चोरून भेटी, कविता. जूनमध्ये एका सहसाधकाने दूरध्वनीवरील बोलणे ऐकले आणि गोष्ट मठाधिपतींपर्यंत गेली. ८ सप्टेंबर १९६६ रोजी मर्टनने आजन्म एकांतवासाची लेखी प्रतिज्ञा केली, आणि हळूहळू ते प्रकरण संपले.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते त्याच्या रोजनिशीमुळे. १९६७ मध्ये आपल्या लिखाणासाठी विश्वस्त मंडळ नेमताना त्याने घातलेली अट अशी : मृत्यूनंतर पंचवीस वर्षे संपूर्ण रोजनिश्या छापायच्या नाहीत, मग छापायला हरकत नाही. त्याप्रमाणे १९९५ ते १९९८ या काळात त्या सात खंडांत निघाल्या. हे प्रेमप्रकरण सहाव्या खंडात आहे. त्याच्या निंदकांना त्यातून शस्त्र मिळाले. त्याच्या भक्तांनी हा मानवी प्रेमाचा अनुभव त्याला परिपूर्ण करणारा होता, असे सांगून त्याला गोड रूप दिले. मला दोन्ही भूमिका उथळ वाटतात. व्रतस्थ, विख्यात, वयाने दुप्पट असलेला पुरुष आणि एक विद्यार्थिनी, यांच्यातील ही गोष्ट आहे. तिच्यातील विषमता गोड शब्दांनी झाकत नाही. आणखी एक. ऑगस्ट १९६८ मध्ये, आशियाच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, मर्टनने तिची सर्व पत्रे जाळली. आपली बाजू मात्र ठेवली. त्यात तिला वाचवण्याचा हेतू असेलही. परंतु परिणाम असा, की ज्या माणसाच्या प्रांजळपणाचे आपण कौतुक करतो, त्याच्या या कबुलीत दुसरा आवाजच नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देतानाही साक्षीदार एकटाच असावा, अशी व्यवस्था झाली.

१९६८ मध्ये फॉक्स निवृत्त झाले आणि नव्या मठाधिपतींनी परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये मर्टन आशियात आला. कलकत्त्याला सर्वधर्मीय परिषद, मग दिल्ली, मग धर्मशाळा. दलाई लामांशी त्याच्या तीन प्रदीर्घ भेटी झाल्या. ख्रिस्ती या शब्दाचा खरा अर्थ मला मर्टनमुळे कळला, असे दलाई लामांनी पुढे लिहिले आहे. दार्जिलिंगच्या परिसरात चत्रल रिंपोचे यांच्याशी बोलणे झाले, मद्रास आणि महाबलिपुरम झाले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो श्रीलंकेतील पोलोन्नरुवा येथे पाषाणात कोरलेल्या भव्य बुद्धमूर्तींपुढे अनवाणी उभा राहिला. आपण ज्याच्या शोधात होतो ते इथे स्पष्ट दिसले, अशा आशयाची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे.

या एका नोंदीवर किती शाई खर्च झाली आहे! तो बौद्ध झाला, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू भयभीत होऊन तेच म्हणते. वस्तुस्थिती पाहावी तर तिबेटी ध्यानमार्ग शिकण्याची त्याला उत्कट इच्छा होती आणि ती त्याने लपवली नाही. त्याच वेळी प्रवासात तो मिस्सा अर्पण करत होता, आणि त्याच्या शवाबरोबर परत आलेल्या वस्तूंच्या यादीत प्रार्थनाग्रंथ, जपमाळ आणि माता मेरीची एक छोटी प्रतिमा आहे. दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे आपल्याकडील वाचकाला सांगायला नको. पण रोममध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये ते सांगावे लागते. आपल्याला खटकते ते वेगळेच. भारतात तो आला तो मुख्यत्वे तिबेटी गुरूंना भेटायला. ज्या हिंदू परंपरेतील साधूने त्याला वाट दाखवली होती, त्या परंपरेशी त्याची भेट इथे वरवरचीच राहिली. या प्रवासाच्या नोंदी १९७३ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या, तेव्हा रवींद्रनाथांचे एकेकाळचे सचिव अमिय चक्रवर्ती हे त्याचे सल्लागार संपादक होते, एवढाच काय तो दिलासा.

१० डिसेंबर १९६८. मठप्रवेशाला बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती. बँकॉकजवळ ख्रिस्ती मठवासीयांच्या परिषदेत सकाळी त्याने मार्क्सवाद आणि संन्यासजीवन या विषयावर भाषण केले. दुपारी तो खोलीत मृतावस्थेत सापडला. अंगावर विजेचा उभा पंखा पडलेला होता. थाई पोलिसांनी हृदयक्रिया बंद पडल्याचे नोंदवले, शवविच्छेदन झाले नाही. व्हिएतनाममध्ये मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या शवांबरोबर, लष्करी विमानातून, या युद्धविरोधकाचा देह मायदेशी गेला. २०१८ मध्ये ह्यू टर्ली आणि डेव्हिड मार्टिन यांनी हा खून असल्याचे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. तपासातल्या उणिवा त्यांनी दाखवल्या आहेत, त्या खऱ्याच आहेत. परंतु तपास ढिसाळ होता यावरून खून सिद्ध होत नाही. मर्टनला हुतात्मा करण्याची ही घाई मला त्याच्या मूर्तीकरणाचाच एक प्रकार वाटते.

धर्मसंस्थेचे वागणेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील बिशपांनी प्रौढांसाठी धर्मशिक्षणाचा नवा ग्रंथ तयार करायला घेतला, तेव्हा मसुद्यात मर्टनचे चरित्र होते. २००६ मध्ये ग्रंथ बाहेर पडला तेव्हा ते नव्हते. नव्या पिढीला तो ठाऊक नाही हे एक कारण देण्यात आले, आणि अखेरच्या काळातला पौर्वात्य धर्मांचा शोध हे दुसरे. निषेधाची पत्रे गेली. उपयोग झाला नाही. मग २४ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस अमेरिकन काँग्रेसपुढे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी चार थोर अमेरिकनांची नावे घेतली : लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग, डोरोथी डे आणि टॉमस मर्टन. नऊ वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या पुस्तकात न मावलेला माणूस राष्ट्राच्या लोकसभेपुढे आदर्श म्हणून उभा राहिला. मात्र पोपनी गौरवलेला मर्टन हा संवादाचा, शांततेचा मर्टन होता. १९६६ चा उल्लेख अर्थातच नव्हता. म्हणजे निवड इथेही झालीच.

आमच्या मित्रांपैकी कोणाला मर्टन वाचायचा असेल, तर त्याने 'द सेव्हन स्टोरी माऊंटन' आणि रोजनिशीचा सहावा खंड ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत, मध्ये दुसरे काही न वाचता. पहिल्यात तेहतीस वर्षांचा माणूस पोहोचल्याच्या आनंदात बोलतो आहे. दुसऱ्यात तोच माणूस पन्नाशी ओलांडल्यावर, रानातल्या घरात, रात्री जागून, आज आपण काय केले ते लिहितो आहे. आणि काही पाने अशी आहेत, की ती लिहून झाल्यावर त्याने फाडली कशी नाहीत याचे वाचणाऱ्यालाच आश्चर्य वाटते.